न वाचलेले कागद

जन्मठेपेचा निकाल लागला की घरच्यांना रडायलाही सवड नसते. उच्च न्यायालयात अपील करायची मुदत साठ दिवसांची असते आणि ती निकालाच्या दिवसापासून धावायला लागते. नकलेचा अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस त्यातून वजा होतात, हे मला कोर्टाच्या आवारातल्या एका झेरॉक्सवाल्यानं सांगितलं. निकालाची एक प्रत आरोपीला फुकट मिळते. पण साक्षी, पंचनामे, रिपोर्ट, फोटो यांच्या नकला वेगळा अर्ज करून काढाव्या लागतात, आणि अपिलाचा खरा जीव त्यांच्यातच असतो.

माझा धाकटा भाऊ भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ आणि ४३६ खाली शिक्षा भोगतोय. आम्ही मूळचे तासगावकडचे. अवकाळीनं बाग गेली, सोसायटीचं कर्ज थकलं, तसा तो हायवेवरच्या एका लॉजमध्ये रूमबॉय म्हणून लागला. एका रात्री त्या लॉजला आग लागली आणि वरच्या मजल्यावरचे तीन पाहुणे धुरात गुदमरून गेले. पगार थकवल्याच्या रागातून माझ्या भावानं पेट्रोल ओतून ती आग लावली, असं सत्र न्यायालयानं मानलं.

मी सांगलीत एका पतसंस्थेत कॅशियर आहे. कायदा शिकलेली नाही. पण व्हाउचर, पावती, किर्द, खतावणी एकमेकांशी ताडून बघायची सवय हाताला आहे, आणि त्या सवयीनंच मी हे कागद वाचले. ज्यांच्या घरावर अशी वेळ आली आहे त्यांना यातलं काही उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहिते आहे.

आधी वकिलाचं. खटल्याच्या वेळी आम्ही जमीन गहाण टाकून वकील दिला होता. अपिलाला पैसे उरले नव्हते. तेव्हा कळलं की कोठडीत असलेल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. बाईमाणसाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही मिळतो. आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दिला आणि तिथून तो उच्च न्यायालयाच्या समितीकडे गेला. वकीलपत्रावर भावाची सही तुरुंगात होते आणि अधीक्षकांचा शिक्का लागतो, त्यात थोडे दिवस जातात. फुकटचा वकील म्हणजे टाकाऊ, असं मला गावाकडच्या चार जणांनी सांगितलं होतं. आम्हाला ज्या वकीलबाई मिळाल्या त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "आग लावलेलीच होती, हे कुणी सिद्ध केलं आहे?"

सगळा खटला मी कोर्टात बसून ऐकला होता आणि हा प्रश्न एकदाही कानावर आला नव्हता. भांडण सगळं कुणी लावली यावरच चाललं. सरकारी वकील म्हणत होते यानं लावली, आमचे वकील म्हणत होते यानं नाही लावली, दुसऱ्या कुणीतरी लावली असेल. म्हणजे ती लावलेली होती हे आमच्या बाजूनंही न बोलता कबूल केल्यासारखं झालं. मला आजही वाटतं की निकाल खरा तिथंच लागला.

नकला आल्या त्या दोन गठ्ठ्यांत. कोर्टात सिद्ध झालेल्या प्रत्येक कागदावर निशाणी क्रमांक असतो. दोषारोपपत्रासोबत आलेल्या पण कुणी वापरल्याच नाहीत अशा कागदांवर तो नसतो. मॅडमनी सांगितलं, "निशाणी नसलेले आधी वाचा." त्यात विद्युत निरीक्षकांचं एक पानी पत्र होतं. जिन्याखालच्या मीटरच्या पॅनेलचं वायरिंग पूर्ण जळाल्यामुळे आगीचं कारण विजेचं होतं की नव्हतं हे ठरवता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. ठरवता येत नाही, एवढंच. निकालपत्रात मात्र वाक्य आहे की विजेमुळे आग लागल्याचा कोणताही पुरावा नाही. निरीक्षकांना साक्षीला कुणी बोलावलंच नव्हतं.

मग मी घटनास्थळ पंचनामा घेऊन बसले. रात्री आई झोपली की स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद पसरायचे आणि लॉजचा नकाशा वहीत काढायचा, असं चाललं होतं. तळमजल्यावर रिसेप्शन, त्याच्या मागे जिना, जिन्याखाली मीटरचं पॅनेल, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आणि जुन्या फोमच्या गाद्यांची थप्पी. वर जायला हाच एक जिना. पॅसेजला प्लास्टिकच्या पट्ट्यांचं छत, खाली कार्पेट. गच्चीच्या तोंडाशी लोखंडी ग्रिलचा दरवाजा, "कुलूपबंद स्थितीत मिळून आला". हे शेवटचं वाक्य पंचनाम्यातलं आहे आणि साऱ्या खटल्यात त्यावर एक प्रश्न विचारला गेला नाही.

पेट्रोल ओतलं हे कशावरून? तपासातल्या एका अधिकाऱ्यानं साक्षीत तीन गोष्टी सांगितल्या. पॅसेजच्या फरशीवर द्रव ओघळल्यासारखे वेडेवाकडे काळे डाग होते. काँक्रीटचे पापुद्रे उडाले होते. खिडकीच्या काचांना जाळीसारखे बारीक तडे होते. अशी तीव्र आग ज्वालाग्राही द्रवाशिवाय होत नाही, असं त्यांचं मत. आमच्या वकिलांचा उलटतपास इथं चार ओळींचा आहे.

मॅडमनी या तिन्ही गोष्टी मला समजावून सांगितल्या, आणि पुढे मी स्वतः वाचत गेले. बंद खोलीत आग वाढते तेव्हा तापलेला धूर छताखाली साठतो. तो सुमारे सहाशे अंश सेल्सियसपर्यंत पोचला की त्याच्या धगीनं खोलीतल्या साऱ्या वस्तू, खालच्या कार्पेटसकट, जवळपास एकाच वेळी पेटतात. इंग्रजीत याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर फरशीवर असे डाग पेट्रोलचा थेंब नसतानाही उमटतात, आणि नुसते डाग बघून द्रव ओतला होता की नाही हे सांगता येत नाही. काँक्रीटच्या आतला ओलावा तापला की पापुद्रे उडतात. आणि तापलेल्या काचेवर बंबाचं पाणी पडलं की तिला जाळीसारखे तडे जातात. आमच्या लॉजवर बंबानं पाणी मारलं होतं, हे त्याच अधिकाऱ्याच्या साक्षीत आहे.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, जॅक्सनविल इथं १९९० साली एका घराच्या आगीत सहा माणसं गेली आणि संशय घरातल्याच बापावर आला. तो म्हणत होता, पोरानं सोफा पेटवला. सरकारी बाजूच्या तज्ज्ञांनी जवळचं तसंच एक रिकामं घर घेतलं, तसंच फर्निचर मांडलं आणि पेट्रोल न वापरता सोफा पेटवून पाहिला. आग पाच मिनिटांच्या आत साऱ्या खोलीभर झाली आणि ज्या खुणांवरून त्याला धरलं होतं त्याच खुणा उमटल्या. त्याच्यावरचे आरोप मागे घेतले गेले. १९९२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेनं आगीच्या तपासाची ९२१ क्रमांकाची मार्गदर्शिका काढली, तीत असे जुने ठोकताळे सोडून पुराव्यावर चालायला सांगितलं आहे. आमच्या खटल्यात इतक्या वर्षांनी तेच ठोकताळे शपथेवर सांगितले गेले आणि मानलेही गेले.

प्रयोगशाळेचा अहवाल, कोर्टात ज्याला सगळे सीए रिपोर्ट म्हणतात, तो दोन पानांचा आहे. पॅसेजमधल्या जळक्या कार्पेटच्या आणि गादीच्या तुकड्यांत पेट्रोलियम हायड्रोकार्बन आढळले नाहीत. भावाच्या शर्टावर आढळले. निकालात शर्टाचा उल्लेख अनेकदा येतो. कार्पेटचा एकदाच, आणि बंबाच्या पाण्यानं पेट्रोल धुऊन गेलं असेल, असं म्हणून तो विषय संपवला आहे.

पंचनाम्यात मला आणखी एक सापडलं. ते तुकडे साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दोऱ्यानं बांधून, लाखेचं सील केलं होतं. पेट्रोलची वाफ साध्या प्लास्टिकमधून हळूहळू निघून जाते, म्हणून असे नमुने हवाबंद डब्यात किंवा काचेच्या बरणीत ठेवायचे असतात. मी हे मॅडमना आनंदानं सांगितलं तर त्या म्हणाल्या, हे दोन्हीकडून कापतं, सरकारी पक्ष म्हणेल की पेट्रोल होतं पण उडून गेलं. बरोबर आहे. पण मग ते होतं हे तरी कसं म्हणणार? कार्पेटचा न जळलेला तुकडा तुलनेसाठी घेतला नव्हता, तेव्हा तीही वाट बंद.

शर्टाचं उत्तर मॅनेजरच्या साक्षीत होतं. आपल्याकडच्या साक्षी एका ठरावीक साच्यात लिहिल्या जातात. पान सहावर आहे: "हे म्हणणे खरे आहे की, लॉजच्या जनरेटरमध्ये पेट्रोल भरण्याचे काम आरोपी करीत असे. हे म्हणणे खरे आहे की, घटनेच्या दिवशी सायंकाळी वीज गेलेली होती." ही दोन वाक्यं मी पेनानं अधोरेखित केली आणि त्या पानाला टाचणी लावून ठेवली. निकालपत्रात ती कुठेही आलेली नाहीत.

पेट्रोलच्या बाटलीची गोष्ट थोडक्यात सांगते. अटकेनंतर भावानं निवेदन दिलं आणि लॉजच्या मागच्या झुडपातून बाटली काढून दिली, असा पंचनामा आहे. त्याच मोकळ्या जागेचा आधी झालेला पंचनामा वाचला तर तिथं बाटली नाही. पोलिसांपुढच्या कबुलीला कायद्यानं किंमत नाही, म्हणून अशा खटल्यांत सगळा भार या "काढून देण्यावर" येऊन पडतो. आणि भावानं मॅनेजरला "बघतोच तुला" अशी धमकी दिल्याचं म्हणतात, ती मॅनेजरनं पोलिस जबाबात सांगितलेलीच नव्हती, ती कोर्टात पहिल्यांदा आली.

एवढं वाचून झाल्यावर मॅडमनी मला टूसॉनच्या खटल्याची माहिती दिली. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं ते शहर. तिथल्या पायोनियर हॉटेलला २० डिसेंबर १९७० ला, मध्यरात्र उलटल्यावर आग लागली. नाताळच्या मेजवान्या चालू होत्या. अग्निशामक दलाच्या शिड्या वरच्या मजल्यांपर्यंत पोचल्या नाहीत, काही जणांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या, आणि एकूण २९ माणसं गेली. लुई टेलर नावाचा सोळा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा त्या रात्री हॉटेलात होता आणि लोकांना बाहेर पडायला मदत करत होता. त्यालाच धरलं. १९७२ मध्ये सगळे गोरेच असलेल्या ज्यूरीनं त्याला दोषी ठरवलं आणि एकामागून एक भोगायच्या २८ जन्मठेपा झाल्या. आग लावणारा कृष्णवर्णीय आणि अठराच्या आसपासचा असेल, असा अंदाज आपण बांधला होता, असं तिथल्या आगतज्ज्ञानं पुढे शपथेवर सांगितलं. ज्वालाग्राही द्रव सापडला नाही, हा प्रयोगशाळेचा अहवाल बचाव पक्षापर्यंत पोचलाच नव्हता. नव्या अभ्यासानं पुरावा पुन्हा तपासला तेव्हा आगीचं कारणच ठरवता येत नाही, इथवर गोष्ट आली.

२ एप्रिल २०१३ रोजी तो सुटला, सुमारे बेचाळीस वर्षांनी. पण कसा? आरोपाला विरोध करत नाही, अशी लेखी भूमिका घेतली तर आज सोडतो, हा सौदा त्याच्यापुढे ठेवला होता. त्यानं तो घेतला. त्यामुळे शिक्षा कागदावर कायम राहिली, आणि तुरुंगात गेलेल्या वर्षांची भरपाई मागता येणार नाही, असं तिथल्या अपील न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं. सोळाव्या वर्षी आत गेलेला माणूस साठीच्या उंबरठ्यावर बाहेर आला. मी त्याच्या जागी असते तर मीही सही केली असती. ती सही त्याच्यापुढे ठेवणाऱ्यांना मात्र मी माफ करू शकत नाही.

टूसॉनचं वाचताना मी एका जागी थांबले. मदत करणारा म्हणून तो डोळ्यांत आला, आणि डोळ्यांत आला म्हणून आरोपी झाला. माझ्या भावाचे हात भाजलेले होते. आग लावताना भाजले, असा सरकारी पक्षाचा युक्तिवाद होता आणि आम्ही तो ऐकत बसलो होतो. वैद्यकीय प्रमाणपत्र मी त्या रात्री पुन्हा काढलं. डॉक्टरांचं अक्षर लागायला वेळ लागला. दोन्ही तळहातांवर, बोटांच्या पेरांपर्यंत, एकमेकांना समांतर सरळ रेषेतल्या भाजलेल्या खुणा. चेहरा, भुवया, मनगटावरचे केस यांवर भाजल्याची नोंद नाही.

कोल्हापूरच्या कळंबा तुरुंगात भावाच्या मुलाखतीला गेले तेव्हा मी त्याला काचेपलीकडून हात दाखवायला सांगितले. फोन खांद्यात धरून त्यानं दोन्ही तळवे काचेला लावले. पट्टे अजून दिसतात, बाजूच्या कातडीपेक्षा फिके आणि थोडे चकचकीत, प्रत्येक हातावर चार. दोन पट्ट्यांमधलं अंतर सारखं. "आक्का, गच्चीचं ग्रिल हाय ते," तो म्हणाला. "वर घेऊन गेलतो एका बाईला आन् पोराला. कुलूप व्हतं. लई वडलं. मग तसंच खाली आणलं त्यास्नी." मी विचारलं, कोर्टात का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "इचारलंच न्हाई कुणी."

आरोपीचा जबाब नोंदवतात, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ३१३, तेव्हा पुराव्यातली एकेक गोष्ट त्याच्यापुढे ठेवून त्याचं म्हणणं विचारायचं असतं. हाताच्या खुणांचा प्रश्न त्या जबाबात नाही. मॅडम म्हणाल्या, जी गोष्ट आरोपीला विचारलीच नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, हा अपिलातला आपला एक भक्कम मुद्दा आहे. आणि पेट्रोलच्या वाफेचा भडका उडाला तर आधी चेहऱ्या-हातावरचे केस होरपळायला हवेत. सळ्यांचे पट्टे तळहातावर कसे उठले, हे प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांना कुणी विचारलं नाही. ती बाई आणि तिचा मुलगा जिवंत आहेत. दोषारोपपत्रात तिचा जबाब आहे, "हॉटेलच्या मुलाने आम्हाला खाली आणले". तिच्या नावापुढे "साक्षीदार सोडला" अशी नोंद आहे, म्हणजे सरकारी पक्षानं तिला साक्षीला बोलावलंच नाही.

गच्चीला कुलूप का होतं, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे अशा इमारतीच्या मालकानं आगीची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र, नमुना ब, दर वर्षी जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. मी माहिती अधिकारात त्या लॉजची प्रमाणपत्रं मागितली. तीस दिवसांची मुदत संपत आली तेव्हा उत्तर आलं, "अभिलेख उपलब्ध नाही." हे उत्तर आम्ही अपिलाला जोडलं आहे. तिघे गेले ते धुरानं गेले, शवविच्छेदनात तसंच आहे. एकच जिना आणि वर कुलूप, तिथं आग कशीही लागली असती तरी माणसं मरणारच होती. ज्यांची माणसं गेली त्यांतल्या एका काकांना मी कोर्टाबाहेर भेटले होते. ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि मला त्यांचा रागही आला नाही. पण त्यांच्या लेकीचा जीव कशानं गेला याचं पुरं उत्तर त्यांनाही मिळालेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

अपील दाखल करायला आम्हाला मुंबईला जावं लागलं नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याला जोडले गेले. मुंबईचं अपील म्हटलं की आईच्या पोटात गोळा यायचा. राहायचं कुठं, खायचं काय, वकील भेटणार कधी. आता सांगलीहून सकाळची एसटी धरली तर कोर्ट बसायच्या आत कोर्टाजवळच्या सीपीआर रुग्णालयासमोर उतरता येतं, आणि तुरुंगही त्याच गावात असल्यानं एका रजेत दोन्ही कामं होतात. या बेंचसाठी ज्यांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं त्या वकिलांचे उपकार आमच्यासारख्यांनी मोजायचे कसे?

अपिलाच्या मेमोत मॅडमनी सारडा खटल्याचा आधार घेतला आहे. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९८४. परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा द्यायची तर प्रत्येक दुवा पूर्णपणे सिद्ध झालेला हवा, "असू शकेल" चालणार नाही, आणि साखळी अशी हवी की दुसरा कोणताही निष्कर्ष निघूच नये. आमचं म्हणणं असं की इथं पहिलाच दुवा नाही. आग लावली गेली हेच सिद्ध नाही, मग राग, धमकी, बाटली, शर्ट हे सगळं टांगायचं कशावर?

अपील दाखल करून घेतलं आहे. खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड मागवलं आहे. शिक्षेला स्थगिती आणि जामीन मिळावा म्हणून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३० खाली अर्ज केला आहे, त्यावर सरकारी पक्षानं मुदत मागितली आहे. दुसरा अर्ज कलम ४३२ खालचा, अपिलात जादा पुरावा घेण्याचा. तो क्वचितच मंजूर होतो, असं मॅडमनी आधीच बजावलं आहे. त्यात चार मागण्या आहेत. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांना तपासावं. विद्युत निरीक्षकांना तपासावं. सोडलेल्या त्या साक्षीदार बाईंना बोलवावं. आणि घटनास्थळाच्या मूळ फोटोंची फाइल एका स्वतंत्र आगतज्ज्ञाला दाखवावी, कारण आमच्याकडच्या प्रती काळ्याकुट्ट झेरॉक्स आहेत आणि जिन्याखालच्या पॅनेलच्या फोटोत तर काहीच दिसत नाही.

मराठी साक्षींचं इंग्रजी भाषांतर अजून बाकी आहे, त्याशिवाय पेपर बुक, म्हणजे सुनावणीसाठी लागणारा कागदांचा संच, पूर्ण होत नाही. मॅनेजरच्या साक्षीचं सहावं पान भाषांतरात जसंच्या तसं उतरलं आहे का, ते मी ओळीला ओळ लावून तपासणार आहे.